१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : एका वीस अंकी संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी डोळे मिटून अंक टंकले असावेत. प्रत्यक्षात तिच्यातला एकही अंक योगायोगाचा नाही. शाळेत आठवीला शिकवलेलं एकच सूत्र लावत गेलं की ती पाकळी पाकळी उलगडते. मग एका ठिकाणी सूत्र थांबतं आणि तिथेच खरी गंमत सुरू होते. मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. कागद-पेन्सिल जवळ असू द्या, साधा कॅल्क्युलेटर असेल तर उत्तमच.

ही संख्या नेमकी कोणती?

२ चा ६४वा घात, वजा १. पुढे सोयीसाठी घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरतो, म्हणजे ही संख्या २^६४ − १.

बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं ६४ घरांपर्यंत दुप्पट करत जायचं. एकूण दाणे किती, याचं उत्तर हीच संख्या. 'वजा एक' कुठून आला? पटाबाहेर एक जादा दाणा ठेवून बघा. तो पहिल्या घरातल्या दाण्याला मिळाला की दोन झाले, ते दुसऱ्या घरातल्या दोनांना मिळाले की चार, ते तिसऱ्यातल्या चारांना मिळाले की आठ. असं शेवटपर्यंत गेलं की बरोबर २^६४ होतात. तो जादा दाणा काढून घेतला की उरली आपली संख्या.

गोष्ट दंतकथाच आहे. पण हिशोब जुना आहे. इसवी सन १०००च्या सुमारास अल-बिरुनीने ही बेरीज अचूक दिली होती.

मराठीत ती वाचायची कशी?

मराठी माणसाला हा प्रश्न पडायलाच हवा, कारण कोटींच्या पुढे आपण हल्ली 'लाख कोटी' म्हणून वेळ मारून नेतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. परार्ध म्हणजे १०^१७. आपली संख्या त्याच्याही पुढे दोन स्थानं जाते. म्हणून तिची सुरुवात 'एकशे चौऱ्याऐंशी परार्ध' अशी करावी लागते:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

एकशे चौऱ्याऐंशी परार्ध, सेहेचाळीस अंत्य, चौऱ्याहत्तर शंकू, चाळीस निखर्व, त्र्याहत्तर अब्ज, सत्तर कोटी, पंच्याण्णव लाख, एक्कावन्न हजार सहाशे पंधरा.

एकदा मोठ्याने म्हणून बघा. दोन-दोन अंकांचे गट या नावांत चपखल बसतात.

हे वीस अंक हाताने काढता येतात का? ६४ वेळा दुप्पट करावी लागेल ना?

नाही, सहा गुणाकार पुरतात. २ चा वर्ग ४, त्याचा वर्ग १६, मग २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि सहाव्यांदा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. एक वजा करा, झालं.

ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. लघु-गुरूंचे एकूण प्रकार मोजताना पिंगलाने छंदशास्त्रात हीच रीत दिली आहे. 'तावदर्धे तद्गुणितम्' हे त्यातलं शेवटचं सूत्र: जिथे संख्या निम्मी केली होती, तिथे मिळालेल्या उत्तराला त्यानेच गुणायचं. चौसष्ट अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरू प्रकार मोजले तर ते २^६४ भरतात.

ती मूळ संख्या आहे का?

शेवटी ५ आहे, तेव्हा नाही. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणून ३ नेही भाग जातो. (९ ने जात नाही, कारण ८ + ७ = १५.)

हा प्रश्न येतो तो मर्सेन संख्यांमुळे, म्हणजे २^न − १ या रूपाच्या संख्यांमुळे. २^६१ − १ ही मूळ संख्या आहे, मग २^६४ − १ का नसावी, असं लोक विचारतात. २^न − १ मूळ असायची असेल तर 'न' स्वतः मूळ असावा लागतो. ६४ मूळ नाही, त्यामुळे विषय तिथेच संपतो. 'न' मूळ असला तरी खात्री नसतेच, पण ते वेगळं पुराण.

मग तिचे अवयव पाडायचे कसे?

अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). एवढंच.

२^६४ म्हणजे २^३२ चा वर्ग आणि १ म्हणजे १ चा वर्ग. म्हणून

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

डावीकडचा कंस पुन्हा त्याच रूपाचा आहे. तो फोडा: (२^१६ − १)(२^१६ + १). पुन्हा फोडा, पुन्हा फोडा. सहाव्या खेपेला डावीकडे २ − १, म्हणजे १ उरतो आणि आपल्या हाती येतात सहा 'अधिक'वाले कंस:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

यातली प्रत्येक संख्या २ च्या एखाद्या घातापेक्षा एकने जास्त आहे आणि ते घात १, २, ४, ८, १६, ३२ असे दुप्पट होत जातात. यांना फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून करतात: ३ ही शून्यावी, ६५५३७ चौथी, ४२९४९६७२९७ पाचवी.

याच रचनेतून आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. कोणतीही फर्मा संख्या घ्या, तिच्या आधीच्या सगळ्यांचा गुणाकार तिच्यापेक्षा बरोबर दोनने कमी असतो. ३ × ५ = १५, पुढची १७. ३ × ५ × १७ = २५५, पुढची २५७. म्हणजे दोन फर्मा संख्यांना कुणी सामाईक अवयव असेल तर त्याने २ लाही भाग जायला हवा, पण या सगळ्या संख्या विषम. तेव्हा सामाईक अवयव नाहीच. गणितज्ञ गोल्डबाखने १७३० मध्ये आपल्या गणितज्ञ मित्राला, ऑयलरला, लिहिलेल्या पत्रात हा मुद्दा आहे. फर्मा संख्या अनंत आहेत आणि प्रत्येकीचे अवयव वेगळे आहेत, म्हणून मूळ संख्या अनंत असल्या पाहिजेत, हे त्यातून आपोआप सिद्ध होतं.

शेवटचा अवयव ४२९४९६७२९७ हा मूळ आहे ना?

ज्याच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात, त्या सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञ फर्मालाही तसंच वाटलं होतं. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ आहेत. १६४० मध्ये पत्रांतून त्याने आपली समजूत कळवली की या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असणार. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने मान्य केलं होतं.

१७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने दाखवलं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

गुणाकार करून पडताळता येतोच, पण त्याशिवायही एक देखणी वाट आहे. ६४१ दोन प्रकारे लिहा:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचाच विचार करायचा. पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१, म्हणजे त्यात एक मिळवला की भाग जातो. दोन्हींचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी +१. दुसरी ओळ सांगते की बाकीच्या हिशोबात ५^४ च्या जागी −२^४ चालतं. ते घाला: −२^४ × २^२८, म्हणजे −२^३२ ची बाकी १. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. दहा अंकी संख्या प्रत्यक्ष भागावी लागलीच नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता.

यातला विनोद असा की फर्माच्याच नावाने ओळखली जाणारी मूळ संख्येची कसोटी ही संख्या २ च्या बाबतीत बिनदिक्कत पार करते. न ही विषम मूळ संख्या असेल तर २^(न − १) ला न ने भागल्यावर बाकी १ येते. ४२९४९६७२९७ च्या बाबतीतही ती १ च येते, आणि तरी ती मूळ नाही. अशा संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणता येईल.

६४१ पर्यंत पोहोचायला ऑयलरला शेकडो भागाकार करावे लागले असतील?

तसे करायची गरज नव्हती. पाचव्या फर्मा संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ × क + १ या रूपाचाच असतो, हे ऑयलरचंच म्हणणं. ६५, १२९, १९३, २५७… अशी यादी करा आणि त्यातल्या फक्त मूळ संख्या ठेवा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा प्रयत्न फळतो.

पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युकाने ही चाळणी आणखी बारीक केली: ६४ च्या जागी १२८. आता यादीत ६४१ च्या आधी उरते फक्त २५७ आणि ती स्वतःच फर्मा संख्या असल्याने बाद. म्हणजे पहिलाच भागाकार अचूक. जवळपास शंभर वर्षं ज्या अंदाजाला कुणी धक्का लावला नाही, तो एका भागाकारात कोसळतो.

६७००४१७ तरी मूळ आहे हे कशावरून?

हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे. तिचं वर्गमूळ २५८८ आणि २५८९ च्या मध्ये येतं, तेव्हा २५८८ पर्यंतचे मूळ अवयव तपासले की पुरे. आणि तेही फक्त १२८ × क + १ या रूपाचे. असे पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. भागून बघा. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ.

तर आपल्या संख्येचं पूर्ण विघटन असं:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

तिला एकूण किती विभाजक आहेत? परिपूर्ण संख्या आहे का?

सात वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. विभाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २^७ = १२८ विभाजक. परिपूर्ण नाही. त्यासाठी स्वतःला वगळून बाकी विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरावी लागते. इथे स्वतःला वगळून उरलेल्या १२७ विभाजकांची बेरीज तिच्या साधारण ७० टक्केच भरते, त्यामुळे ती न्यून संख्यांत मोडते.

ती वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का?

दोन वर्गांची नाही, तीनचीही नाही, चारच लागतात. ८ ने भागल्यावर ७ उरणारी संख्या तीन किंवा कमी वर्गांच्या बेरजेने कधीच बनत नाही. आपल्या संख्येत १ मिळवला की ८ ने भाग जातो, तेव्हा बाकी ७ च. चार वर्ग मात्र नक्की पुरतात, कारण लाग्रांजने १७७० मध्ये ते प्रत्येक धन पूर्णांकासाठी सिद्ध केलं आहे.

भूमितीशी हिचा संबंध आहे असं वाचलं. खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते हाच या संख्येचा सर्वांत सुंदर भाग.

३० मार्च १७९६ ला, एकोणिसावं वर्ष पूर्ण व्हायच्या आधी, गाउसला उमगलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. पट्टीवर खुणा चालत नाहीत, फक्त सरळ रेषा. विषम बाजूंचा बहुभुज असा काढता येण्यासाठी बाजूंची संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. तेवढं असलं की पुरतं, हे गाउसने सांगितलं. तेवढं असावंच लागतं, याची सिद्धता वांत्झेलने १८३७ मध्ये दिली.

माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच: ३, ५, १७, २५७, ६५५३७. त्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे २^३२ − १, आपल्या संख्येचा डावीकडचा कंस. त्याचे विभाजक ३२. त्यातला १ सोडला तर ३१ विषम बहुभुज काढता येतात आणि त्यातला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा. आपल्या वीस अंकी संख्येइतक्या बाजूंचा मात्र काढता येत नाही. ६४१ आडवा येतो. ६४१ मधून एक वजा केला की ६४० = २^७ × ५, आणि त्यातला तो ५ सगळं बिघडवतो. कंपासने वर्गमुळं काढता येतात, म्हणजे दोनाचे घात चालतात, पाच नाही.

६५५३७ बाजूंच्या बहुभुजावर योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने सुमारे दहा वर्षं घालवली. ते हस्तलिखित ग्योटिंगेनला पेटीत जपून ठेवलं आहे. असा बहुभुज कागदावर काढला तर तो वर्तुळाहून वेगळा ओळखूही येणार नाही.

आता मेरुप्रस्तार घ्या, ज्याला शाळेत पास्कलचा त्रिकोण म्हणतात. विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा: १, ११, १०१, ११११, १०००१… आपल्या नेहमीच्या पद्धतीत १, ३, ५, १५, १७… पहिल्या ३२ ओळी म्हणजे वर सांगितलेले तेच ३२ विभाजक, आणि तेही चढत्या क्रमाने! तेहतिसावी ओळ ४२९४९६७२९७, म्हणजे फर्माचा अंदाज जिथे मोडला ती संख्या. चौसष्टाव्या ओळीत सगळे आकडे विषम असतात, म्हणून तिथे ओळीने ६४ एकं येतात. आणि ती ओळ म्हणजे आपली १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

कापरेकरांच्या कसोट्यांवर ती कशी उतरते?

देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी (१९०५–१९८६) संख्यांचे जे प्रकार सांगितले, त्यातले दोन इथे लावून बघू.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी ती हर्षद संख्या. आपली बेरीज ८७ = ३ × २९, आणि २९ आपल्या सात अवयवांत नाही. हर्षद नाही.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्येची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जी संख्या अशी कुणापासूनच जन्मत नाही, ती स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे: १८४४६७४४०७३७०९५५१५३१. तिच्या अंकांची बेरीज ८४, आणि १५३१ + ८४ = १६१५. जनक एकच आहे, दुसरा सापडत नाही. कसा शोधायचा, याची किल्ली सांगून ठेवतो: ९ ने भागल्यावरच्या बाकीवरून जनकाच्या अंकांच्या बेरजेला मोजकेच पर्याय उरतात. बाकी तुम्ही करा. कापरेकरांना हे कागदावरच करायला आवडलं असतं.

या सगळ्याचा प्रत्यक्षात काही उपयोग?

आहे. ६४ बिटांच्या संगणकात चिन्हाविना साठवता येणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या हीच: सगळे ६४ बिट १. पण तो झाला मापाचा भाग. अवयवांचा उपयोग वेगळीकडे होतो.

यादृच्छिक वाटणाऱ्या संख्या तयार करायच्या काही पद्धतींत ६४ बिटांची एक स्थिती पुन्हा पुन्हा सरकवून, मिसळून बदलत जातात. जॉर्ज मार्साग्लियाने २००३ मध्ये मांडलेली 'एक्सॉर-शिफ्ट' ही त्यातलीच. सगळी शून्यं सोडून प्रत्येक स्थितीला एकदा भेट देऊन मगच सुरुवातीला परतणं, म्हणजे चक्राची लांबी बरोबर २^६४ − १ असणं, हे आदर्श. ते तपासायला कुणी एवढी पावलं चालत बसत नाही. एवढ्या पावलांनी यंत्र मूळ स्थितीला येतं, हे आधी बघायचं. मग खरं चक्र त्याहून लहान असेल तर त्याची लांबी आपल्या संख्येची विभाजक असणार. म्हणून संख्येला तिच्या सात मूळ अवयवांनी एकेकदा भागायचं आणि तेवढ्या पावलांनी यंत्र मूळ स्थितीला येत नाही ना, एवढं पाहायचं. सात तपासण्या, बस. मोठी उडी मारायला पुन्हा पिंगलाचीच युक्ती.

माझ्या संगणकावर शेवटचे अंक वेगळेच दिसतात. चूक कुणाची?

तुमची नाही. एक्सेल १५ अंकच जपतं, म्हणून तिथे १८४४६७४४०७३७०९६००००० असं दिसतं. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ५३ बिटांपुरतीच अचूक असते, म्हणून १८४४६७४४०७३७०९५५२००० असं येतं. पायथन अचूक उत्तर देतं. लिनक्स असेल तर 'फॅक्टर' या आज्ञेपुढे ही संख्या लिहा, सातही अवयव क्षणात समोर येतील.

हनोईच्या मनोऱ्याला लागणाऱ्या चाली म्हणजे हीच संख्या का?

हो, ६४ चकत्यांसाठी. तीन खांब, एकावर लहान-मोठ्या चकत्यांची उतरंड; एका वेळी एकच चकती हलवत आणि मोठी कधीही लहानीवर न ठेवता ती दुसऱ्या खांबावर न्यायची, असं ते कोडं. हे कोडं त्याच ल्युकाने १८८३ मध्ये बाजारात आणलं. त्यासोबतची काशीच्या देवळातल्या सोन्याच्या चकत्यांची गोष्ट रचलेली आहे, काशीत शोधायला जाऊ नका. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे.

तिच्या शेजारच्या संख्यांचं काय?

खाली उतरत गेलं तर पहिली मूळ संख्या २^६४ − ५९, वर चढलं तर २^६४ + १३. मधल्या ७१ संख्यांत एकही मूळ नाही.

पण मनात भरणारी शेजारीण म्हणजे २^६४ + १, सहावी फर्मा संख्या. आपल्या संख्येपेक्षा दोनने मोठी, म्हणून दोघींना एकही सामाईक अवयव नाही. तीही मूळ नाही: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव लांद्री या फ्रेंच गृहस्थाने १८८० मध्ये जाहीर केले, वय वर्षं ८२. क्लाउसेनला ते १८५५ मध्येच सापडले होते.

६५५३७ नंतर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही?

नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यातल्या विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा एकही अवयव हाती लागलेला नाही, तरी त्या संयुक्त आहेत हे पक्कं ठाऊक आहे. तेहतिसावी मूळ की संयुक्त, हे अजून ठरायचं आहे. ती लिहायलाच अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतात.